पाठीत इंजेक्शन घेतलं, आता जोर केव्हा लावायचा?

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: "मी घोडबंदर रोडला राहते. सदतिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, घ्यायचं ठरवलंय. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये बाळंत झाली. पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर तिला तासभर नुसतं पडून राहायला सांगितलं होतं. इथल्या माझ्या डॉक्टर म्हणतात, तोंड उघडलं की लगेच जोर लावायचा. खरं कुणाचं मानू? आणि मला कळच जाणवली नाही तर जोर लावणार कसा? आई सोबत असणार आहे, तिने काय करायचं?"

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. पहिलं बाळंतपण आहे, पाठीतलं औषध चालू आहे, पिशवीचं तोंड पूर्ण म्हणजे १० सेंटीमीटर उघडलंय, बाळाचे ठोके चांगले आहेत आणि डोकं खाली सरकतंय, अशा वेळी नियम म्हणून तासभर थांबण्यात फायदा नाही. जोर लावायला सुरुवात करावी. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. तुमच्या बहिणीलाही कुणी चुकीचं सांगितलं असं मात्र समजू नका. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शनात एपिड्युरल असलेल्या बाईला, तिला स्वतःहून जोर लावावासा वाटत नसेल तर, किमान तासभर थांबू द्या असंच लिहिलेलं होतं. तिथल्या लेबर रूममध्ये हे अनेक वर्षांच्या सवयीचं झालं आहे.

मी ठाण्यात सव्वीस वर्षं बाळंतपणं करते आहे. त्यातली बरीच वर्षं मीही पहिलटकरणींना थांबायलाच सांगत होते. आपण बाईवर दया करतो आहोत असं तेव्हा मनापासून वाटायचं. रात्रभर कळा काढून दमलेली मुलगी, पाठीत औषध गेल्यावर पहिल्यांदा डोळा लागलेला, तिला हलवून "चल, जोर लाव" म्हणणं जिवावर यायचं. शिवाय तेव्हाचं औषध जड असायचं. पाय ओंडक्यासारखे व्हायचे, खाली काय चाललंय याचा पत्ता नसायचा. अशा बाईला डोकं वर असताना जोर लावायला सांगितलं की ती तासाभरात थकायची आणि शेवटी बाळाचं डोकं ओढून बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागायचा. त्यापेक्षा पिशवी आपोआप डोकं खाली आणेल, तोवर आईची ताकद राखून ठेवू, असा विचार होता. त्याला आधारही होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १,८६२ पहिलटकरणी होत्या. त्यात दोन तासांपर्यंत थांबलेल्या बायकांमध्ये अवघड बाळंतपणं, विशेषतः डोकं वर असताना चिमटा लावण्याची वेळ, कमी आली होती. बाळाच्या नाळेतल्या रक्ताची तपासणी मात्र थांबलेल्या गटात जास्त वेळा बिघडलेली आढळली होती. त्या दुसऱ्या वाक्याकडे आम्ही पुरेसं लक्ष दिलं नाही, हे मला आज कबूल करायला हवं.

२०१६ च्या पावसाळ्यातली एक बाळंतीण मला आजही आठवते. तोंड उघडून पावणेदोन तास झाले होते. त्यातला पहिला तास मीच तिला झोपू दिलं होतं. बाळ छान रडलं, वारही वेळेत पडली, पण पिशवी आकसेना. पोटावर हात ठेवला की कणकेच्या गोळ्यासारखी मऊ लागायची. औषधं, मालिश, पिशवीत फुगा, दोन बाटल्या रक्त. बाहेर पाऊस आणि तिचा नवरा रक्तपेढीच्या वाटेवर वाहतुकीत अडकलेला. ती वाचली, पिशवीही वाचली. मी थांबवलं म्हणूनच असं झालं, असं एका बाईच्या अनुभवावरून म्हणता येत नाही. पण पिशवी हा स्नायू आहे, तो किती वेळ राबला याचा हिशेब मी ठेवला नव्हता, ही बोच माझ्या मनात राहिली.

मग २०१८ साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांचा अभ्यास आला, जामा या नियतकालिकात. माझं मत बदललं ते त्यामुळे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१४ ते २०१७ या काळात २,४१४ पहिलटकरणी, सगळ्यांना पाठीतून वेदनाशमन दिलेलं. तोंड पूर्ण उघडल्यावर चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाने लगेच जोर लावायचा, दुसऱ्याने साठ मिनिटं थांबायचं. प्रश्न सरळ होता: चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझरशिवाय बाळंतपण कुणाचं जास्त होतं? लगेच जोर लावणाऱ्यांत ८५.९ टक्के, थांबणाऱ्यांत ८६.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. ज्या एका गोष्टीसाठी आम्ही थांबत होतो, ती थांबून मिळत नव्हती.

आणि थांबण्याची किंमत मोजावी लागत होती. थांबलेल्या बायकांनी प्रत्यक्ष जोर लावला तो सरासरी नऊ मिनिटं कमी. पण तोंड उघडल्यापासून बाळ हातात येईपर्यंतचा वेळ सरासरी अर्ध्या तासाहून थोडा जास्त वाढला. नऊ मिनिटांची मेहनत वाचवायला अर्धा तास घालवायचा, असा तो व्यवहार. त्या अर्ध्या तासात पिशवी कळा देतच असते, फुटलेल्या पाणमोटीतून जंतू वर चढतच असतात. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याचं प्रमाण लगेच जोर लावणाऱ्यांत २.३ टक्के होतं, थांबणाऱ्यांत ४.० टक्के. पिशवीच्या आत, पाण्यात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण ६.७ विरुद्ध ९.१ टक्के. हा अभ्यास ठरलेल्या संख्येआधीच थांबवला गेला, कारण मुख्य प्रश्नाचं उत्तर बदलणार नाही हे दिसत होतं आणि थांबण्याचे तोटे समोर येत होते. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्सने, तोंड पूर्ण उघडल्यावर जोर सुरू करावा असा स्पष्ट सल्ला दिला.

दोन टक्के की चार टक्के, एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसलात, असं कुणाला वाटेल. आपल्याकडे तो फरक लहान नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन बारा असलेली बाई जे रक्त जाणं पचवते, ते साडेआठ असलेलीला आडवं करतं. माझ्याकडे मोठ्या संकुलात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलीही नऊच्या आत हिमोग्लोबिन घेऊन येतात. तेव्हा आजच तुमचा रिपोर्ट काढून बघा. सदतिसाव्या आठवड्यातही काही करता येतं, डॉक्टरांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१८ चा सल्ला वेगळा आहे, तोही सांगायला हवा. त्यांच्या मते एपिड्युरल असलेल्या बाईने तोंड उघडल्यावर एक ते दोन तास, किंवा जोर लावावासा वाटेपर्यंत, थांबलेलं चालतं. पण त्याला एक अट जोडलेली आहे: तेवढा वेळ बाईला लेबर रूममध्ये ठेवण्याची सोय हवी आणि बाळाला प्राणवायू कमी पडतोय का, हे ओळखून लगेच काही करण्याची तयारी हवी. सल्ला सगळेजण सांगतात, अट कुणी सांगत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांनी याच अटीकडे बघावं. इथे मोठी रुग्णालयं आहेत, जिथे भूलतज्ज्ञ रात्रंदिवस हजर असतात, ठोक्यांचा पट्टा पोटावर सतत असतो, सिझरची खोली पाच पावलांवर असते. आणि इथेच पंधरा-वीस खाटांची कितीतरी नर्सिंग होम आहेत, जिथे खूप चांगली, मायेची बाळंतपणं होतात, पण भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. ते सकाळी नौपाड्यात, दुपारी ऐरोलीत, संध्याकाळी कासारवडवलीत. पाठीत बारीक नळी घालून, पहिला डोस देऊन ते पुढच्या केसला जातात, लागेल तसं परत येतात. रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी, त्यांच्याकडे आणखी दोन पेशंट. अशा ठिकाणी "तासभर थांबू" याचा अर्थ पुष्कळदा "तासभर कुणाचं लक्ष नाही" असा होतो. म्हणून इथल्या परिस्थितीत मी आणखी ठामपणे सांगते की थांबणं हा सर्रास नियम असू नये.

याच ओघात एक गोष्ट बोलते, ती बोलताना आमच्याच व्यवसायातल्या काहींना वाईट वाटेल. कधी कधी बाईला थांबवलं जातं ते डॉक्टर अजून पोहोचले नाहीत म्हणून. माजिवड्याच्या पुलाखाली गाडी अडकली आहे, किंवा ओपीडी संपायची आहे, आणि फोनवरून सांगितलं जातं, "तिला जोर लावू देऊ नका." डोकं खाली टेकलेलं, बाईला जोर आवरत नाही आणि सिस्टर तिचे पाय जुळवून धरते. मी शिकत होते तेव्हा हे पाहिलं आहे. हे थांबणं कुठल्याच अभ्यासात बसत नाही, कुठल्याच मार्गदर्शनात नाही. डोकं बाहेर येतंय तर हजर असलेल्या प्रशिक्षित सिस्टरने बाळंतपण करावं, डॉक्टर येतील तेव्हा येतील. तुमच्या बाबतीत असं झालं तर तुमच्या आईने किंवा नवऱ्याने शांतपणे पण स्पष्ट विचारावं: थांबायचं कारण बाळाचं आहे, आईचं आहे की वेळेचं?

कारण बाळाचं किंवा आईचं असेल, तर थांबणं योग्यच असू शकतं. आतून तपासल्यावर डोकं अजून वर आहे, शून्य पातळीच्या म्हणजे कटीच्या हाडांमधल्या मधल्या रेषेच्याही वर, आणि बाळ उताणं आहे म्हणजे तोंड आईच्या पोटाकडे आहे, असं असेल तर मी आजही थांबते. अशा वेळी जोर लावला तर डोकं फिरायच्या आधीच घट्ट रुतून बसतं. बाईला कुशीवर वळवायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये शेंगदाण्याच्या आकाराचा फुगलेला बॉल किंवा दोन जाड उशा ठेवायच्या, कळा विरळ असतील तर कळांचं सलाईन थोडं वाढवायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं. पुष्कळदा डोकं वळून खाली आलेलं असतं. नाही आलं तर हाताने वळवता येतं का ते बघते. एक मात्र सांभाळावं लागतं: खूप वेळ दाब बसला की बाळाच्या डोक्याच्या कातडीखाली सूज येते. बोटाला ती सूज खाली लागते आणि डोकं खाली आलं असं वाटतं, हाड मात्र वरच असतं. नवख्या हाताची इथे फसगत होते.

औषध नुकतंच दिलंय आणि पाय उचलत नाहीत, किंवा बाई खरोखर गळून गेली आहे, तर वीस-तीस मिनिटांची विश्रांतीही मी देते. पण ठोके चांगले असतील, ताप नसेल, पाणी हिरवं नसेल आणि कुणीतरी शेजारी बसून असेल तरच. ठोके पडत असतील, ताप चढला असेल, पाण्यात बाळाची शी उतरली असेल, रक्त जात असेल, तर थांबण्याचा विषयच नाही.

हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या बायकांचं गणित उलटं आहे. त्यांना श्वास कोंडून जोर लावणं धोक्याचं असतं. त्यांना चांगलं एपिड्युरल द्यायचं, डोकं कळांनीच पुरतं खाली येऊ द्यायचं आणि शेवटी व्हॅक्यूम किंवा चिमट्याने मदत करायची. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप खराब झालेल्या मुली आपल्याकडे अजून दिसतात. तसं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आणि दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर हा सगळा खल फारसा लागू नाही. तिथे डोकं इतक्या झपाट्याने उतरतं की जोराची आठवण करून द्यावी लागत नाही. २०१८ च्या त्या अभ्यासातही फक्त पहिलटकरणीच होत्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कळ जाणवली नाही तर काय. माझ्या मते जोर केव्हा लावायचा यापेक्षा कसा लावायचा हेच मोठं आहे.

औषध नसलेल्या बाईला डोकं खाली दाबायला लागलं की जोराची शी लागल्यासारखं होतं आणि अंग आपोआप जोर लावतं. एपिड्युरल ती संवेदना बोथट करतं. पण आजकाल औषध पातळ असतं. बधिर करणारं बुपिव्हॅकेन ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, सोबत अगदी थोडं वेदनाशामक फेंटानिल, त्यामुळे दुखणं जातं पण दाब बऱ्याचजणींना कळतो. पाय हलवता येतात. तुम्हाला दुखणार नाही, पण "काहीतरी खाली भरून आलंय" असं वाटण्याची शक्यता चांगली आहे. तेही वाटलं नाही तर काळजी करू नका. कळ तुम्हाला कळली नाही तरी पोटाला कळते. बेंबीच्या वर तळहात ठेवला की पोट नारळासारखं घट्ट होतं ते हाताला लागतं. मशीनच्या कागदावर रेघ वर चढते. पोट घट्ट व्हायला लागलं की एक श्वास घ्यायचा आणि सोडायचा, दुसरा श्वास घ्यायचा आणि जोर लावायचा.

जोर कुठे लावायचा हे शिकवावं लागतं. पहिल्यांदा सगळ्याजणी तोंडात, गळ्यात, डोळ्यांत जोर लावतात. गाल फुगतात, डोळे लाल होतात आणि डोकं तसूभर हलत नाही. जोर शीच्या जागेकडे गेला पाहिजे. हनुवटी छातीकडे, पाठीवर असाल तर पाठ पलंगाला टेकलेली, कंबर उचलायची नाही. मी तपासताना बोटाने मागच्या बाजूला हलका दाब देते आणि म्हणते, "बाळा, माझं बोट जिथे लागतंय ना, तिथून मला बाहेर ढकल." दाब कळत असेल तर हे एका कळेत जमतं. कळत नसेल तर दोन-तीन कळा वाया जातात, मग जमतं. काहीजणींना आरशात डोकं दिसलं की एकदम लक्षात येतं. कुणाला नको वाटतं, तर नको.

एका कळेत तीन जोर पुरतात, प्रत्येकी सहा-सात सेकंदांचे, मध्ये मोकळा श्वास. एक ते दहा मोजत श्वास कोंडून लांबच लांब जोर लावायला लावण्याची जुनी सवय अजून आहे. त्यात आई गुदमरते आणि बाळाचे ठोकेही उतरू शकतात. कळ संपली की जोर नाही. अंग सैल सोडायचं, घोटभर पाणी घ्यायचं. कळेशिवाय लावलेला जोर फुकट जातो. आणि तोंड पूर्ण उघडल्याची खात्री झाल्याशिवाय जोर नको. पुढच्या बाजूला थोडी कड राहिली असेल तर ती डोक्याखाली चेपते, सुजते आणि काम लांबतं.

लघवीची पिशवी रिकामी आहे ना, हे विचारत राहा. पाठीत औषध असताना लघवी लागल्याचं कळत नाही. भरलेली पिशवी डोक्याच्या वाटेत येते. नळी घालून ती रिकामी केली आणि दहा मिनिटांत डोकं खाली सरकलं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की जोर लावण्याआधी माझी पहिली तपासणी तीच असते.

झोपायचं कसं, याबद्दल एक अभ्यास सगळ्यांना चकित करून गेला. उभं राहिलं, बसलं तर बाळ लवकर खाली येतं, असा आमचा सगळ्यांचा समज. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३,०९३ पहिलटकरणींचा अभ्यास आला. सगळ्यांना पातळ औषधाचं एपिड्युरल. कुशीवर पडून राहिलेल्यांत चिमटा-व्हॅक्यूमशिवाय बाळंतपण झालेल्या ४१.१ टक्के होत्या, उठून बसलेल्यांत ३५.२ टक्के. तेव्हा एपिड्युरल असेल तर डाव्या-उजव्या कुशीवर निवांत पडा. औषध नसलेल्या बाईसाठी हा नियम नाही, तिने चालावं, उकिडवं बसावं, तिला बरं वाटेल ते करावं.

अनेकजणी विचारतात, शेवटी एपिड्युरल बंद केलं तर जोर नीट लागेल का? असं करू देऊ नका. शेवटच्या टप्प्यात औषध बंद केल्याने व्हॅक्यूम-चिमट्याची गरज कमी होते असं याबाबतच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं नाही, दुखणं मात्र वाढलं. इतके तास आरामात असलेल्या मुलीवर एकाएकी सगळ्या कळा कोसळतात, ती घाबरते, आखडते. डोस जड झाला असेल तर भूलतज्ज्ञ तो हलका करतील, ते वेगळं.

आणि पोटावर कुणी दाब दिला तर नाही म्हणा. जोर कमी पडतो म्हणून मावशी किंवा वॉर्डबॉय स्टुलावर चढून दोन्ही हातांनी वरून पोट दाबतो, हे आपल्या भागात अजून घडतं. एपिड्युरल असलेल्या बाईला दुखत नाही म्हणून जास्तच घडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हे करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. यात पिशवीला इजा होऊ शकते, खालचा भाग गुदद्वारापर्यंत फाटू शकतो. डोकं अडलं असेल तर त्याला उपाय आहेत, कळांचं सलाईन, कूस बदलणं, डोकं वळवणं, व्हॅक्यूम, सिझर. पोटावर कोपर हा उपाय नाही. डॉक्टरांना पुढच्या भेटीतच सांगून ठेवा की हे चालणार नाही. चांगल्या डॉक्टरला याचा राग येणार नाही.

किती वेळ जोर लावायचा? पहिल्या बाळंतपणात तीन तासांपर्यंत बाळ येणं हे साधारण समजतात. एपिड्युरल असेल आणि डोकं थोडं थोडं खाली येत असेल, ठोके चांगले असतील, तर त्याहून थोडं पुढेही जाता येतं. मी मात्र जोर सुरू झाल्यावर दर तासाला स्वतः तपासते आणि दोन तासांना घरच्यांशी बोलते. डोकं किती खाली आलं, पुढे काय शक्यता आहे, हे त्यांना तेव्हाच सांगितलं तर पुढे सिझर करावं लागलं तरी ते अचानक कोसळल्यासारखं वाटत नाही. तुम्हीही विचारा: "मागच्या वेळेपेक्षा डोकं खाली आलंय का?"

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या. भूलतज्ज्ञ रुग्णालयातच असतात की बाहेरून येतात? तोंड उघडल्यापासून ठोक्यांवर सतत लक्ष ठेवायची सोय आहे का? आणि त्या वेळात माझ्या शेजारी कोण असेल? उत्तरं मनासारखी नसली तर घाबरून रुग्णालय बदलायची घाई करू नका. पण मग थांबण्याचा विषय निघाला तर तुमचं उत्तर ठरलेलं असू द्या. घोडबंदरहून निघताना मेट्रोची कामं आणि संध्याकाळची वाहतूक लक्षात ठेवा. पाणी गेलं की फोन करून लगेच निघा.

आता आईबद्दल. २०१६ मध्येच केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांतही बाळंतपणाच्या वेळी सोबत असू द्यावी असं सांगितलं आहे, त्यामुळे कुणी अडवलं तर हे सांगता येईल. आईला हे एकच काम द्या: तुमच्या पोटावर तळहात ठेवून बसायचं. त्यांच्या हाताला पोट घट्ट लागलं की त्यांनी तुमच्या कानाशी हळूच सांगायचं, "आली गं." मशीनपेक्षा आईचा हात लवकर ओळखतो, असं मला कितीतरी वेळा दिसलं आहे. कळ सुटली की ओला रुमाल कपाळावर आणि घोटभर पाणी. जोर चालू असताना मात्र त्यांनी गप्प राहायचं. आई एक सांगते, सिस्टर दुसरं, मी तिसरं, आणि मधल्या मुलीला कुणाचंच ऐकू येत नाही. तेव्हा जोराच्या वेळी बोलणारी एकच, डॉक्टर किंवा सिस्टर. बाळ आल्यावर आईला हवं तेवढं बोलू द्या. आणि तुम्ही पाय पूर्ण मोकळे होईपर्यंत, साधारण काही तास, एकट्याने पलंगावरून उतरू नका. पहिल्यांदा बाथरूमला जाताना सिस्टरला हाक मारा, तोवर बाळ आईच्या मांडीवर राहू दे.